लॉर्नांचा आवाज आणि आपला कान

गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या मोठ्या गायिकांची नावं घ्या असं महाराष्ट्रात कुणालाही म्हटलं, तर लता मंगेशकर, आशा भोसले, किशोरी आमोणकर, माणिक वर्मा, सुलोचना चव्हाण ही नावं पटापट येतील. लॉर्ना कोर्देरो हे नाव बहुधा येणार नाही. लॉर्ना यांचा जन्म १९४६ चा, मुंबईतला. त्यांचं गाणं घडलं मुंबईत, आणि ज्या वादकमंडळींच्या संगतीत ते घडलं त्यांतले कितीतरी जण दिवसा मुंबईच्याच फिल्मी स्टुडिओंत वाजवत होते. गोव्यात त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. नुसतं ‘लॉर्ना’ म्हटलं की पुरतं. सावंतवाडी-दोडामार्ग ओलांडून मराठी मुलखात आत यावं तसं हे नाव विरळ होत जातं, आणि नाशिकपर्यंत येईतो जवळपास नाहीसंच होतं. जिथे माहीत असतं तिथेही ते ‘बेबदो’ या एका गाण्यापुरतं, गोव्याच्या सहलीत कानावर पडलेलं धमाल गाणं म्हणून. ही ओळख फार अपुरी आहे. माझं म्हणणं असं आहे की लॉर्ना या पूर्ण अर्थाने जॅझ आणि सोल गायिका आहेत, ‘कोंकणी पॉप’ या सोयीच्या खणात त्यांना टाकून देणं हा त्यांच्या कलेवर अन्याय आहे. आणि त्याहीपुढे जाऊन असं, की हे संगीत आपल्या भागात पाहुणं न राहता घरचं झालं, ते त्यांनी कोंकणीत गायल्यामुळे.

हे पटवायचं तर आधी जॅझ कशाला म्हणायचं ते पाहावं लागेल. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम ऐकू आले की आपण त्याला जॅझ म्हणून मोकळे होतो. पण वाद्यांवरून संगीत ठरत नाही. जॅझचा जीव आहे तो काळाशी वागण्याच्या पद्धतीत. चार मात्रांचं आवर्तन चाललेलं असतं. त्यातल्या प्रत्येक मात्रेचे दोन भाग पाडले, तर ते सारखे नसतात, पहिला लांबतो आणि दुसरा आखूड होतो. त्यातून जो झोका येतो त्याला स्विंग म्हणतात. या झोक्यावर गाणारी व्यक्ती शब्द नेमक्या मात्रेवर ठेवत नाही. ती तो किंचित मागे ओढते, कधी आधीच टाकते, आणि ओळीच्या शेवटी हिशेब बरोबर जुळवते. ठुमरी ऐकणाऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. दुसरी गोष्ट सुरांची. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत जॅझ गायिका रेंगाळते, तसंच निषादाचं. पियानोला ती जागा दाखवता येत नाही, गळ्याला येते. तिसरी गोष्ट आवाजाच्या पोताची. पाश्चात्त्य ऑपेरात आवाज वरपासून खालपर्यंत एकसारखा, घासूनपुसून लख्ख असावा अशी अपेक्षा असते. जॅझमध्ये खरखर, धाप, घोगरेपणा, शब्द चावणं हे सगळं अर्थ सांगण्याचं साधन असतं. सोल हे याच घराण्यातलं धाकटं भावंड. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं आणि नाचाचं ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून ते १९५० च्या दशकात आकाराला आलं. रे चार्ल्स, सॅम कुक आणि धर्मोपदेशक वडिलांच्या डेट्रॉइटमधल्या चर्चमध्ये गात वाढलेल्या अरेथा फ्रँकलिन ही त्यातली मोठी नावं. देवापुढे गाताना जो आवाज पूर्ण सोडायचा, तोच माणसाच्या प्रेमासाठी आणि दुःखासाठी सोडायचा, एवढं सोलचं सार सांगता येईल.

आता हे सगळं गोव्याच्या माणसांपर्यंत कसं आलं? उत्तर पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत आहे. या पॅरिश शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकवली जाई. मेश्त्र, म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर, पोरांकडून सोल्फा घोटून घेई, हातात व्हायोलिन देई, आणि रविवारच्या मिस्सेला ही मुलं चर्चमध्ये वाजवत. कागदावर लिहिलेलं संगीत पाहताक्षणी वाजवता येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली. आपल्याकडे, नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी हिंदुस्थानी संगीताला लिपी देण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांना जे नव्याने उभं करावं लागलं ते गोव्याच्या ख्रिस्ती मुलाला लहानपणीच हाती मिळत होतं. (पलुस्करांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु नाशिकचेच, जन्म १९२१ चा. लिपीचा आग्रह धरणाऱ्या घरातून इतकं प्रासादिक, मनाने गायलेलं गाणं आलं, हे ‘वाचून वाजवणारे’ म्हणून गोवेकरांना हिणवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) ही कला घेऊन गोव्याची माणसं ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. राजेरजवाड्यांचे बँड, लष्करी छावण्या, मूकपटांची थिएटरं, जहाजं, हॉटेलं, जिथे वाचून वाजवणारा माणूस हवा तिथे गोवेकर असे. आपल्या नाशिक जिल्ह्यातही देवळालीची छावणी होती, इगतपुरी-मनमाडसारखी रेल्वेची गावं होती. अशा वसाहतींतल्या नाताळ-नववर्षाच्या नाचांना साथ लागे ती याच प्रकारच्या संगीताची.

मुंबईला खरा जॅझ ऐकू आला १९३५ मध्ये, लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला तेव्हा. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या तरुण वादकांनी या लोकांचं वाजवणं जवळून ऐकलं, आणि लिहिलेलं वाजवता येणाऱ्या या माणसांच्या लक्षात आलं की कागदावर नसलेलंही काही वाजवायचं असतं. आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे त्यांतले बिनीचे. ट्रम्पेटवरच्या त्यांच्या हुकमतीमुळे लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. याच चिक चॉकलेटना सी. रामचंद्रांनी हाताशी धरलं आणि ‘अलबेला’ (१९५१) ची गाणी झाली. हे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, गोदाकाठच्या पुणतांब्याचे. म्हणजे जॅझचा झोका मराठी माणसाच्या चालींत तेव्हाच येऊन बसला होता. पुढे ‘कारवां’ (१९७१) मध्ये आशा भोसल्यांनी राहुलदेव बर्मनांकडे जे गायलं त्यात श्वासाचा, उसाश्याचा, पितळी वाद्यांशी चाललेल्या सवालजवाबांचा जो वापर आहे, तोही याच संगतीतून आलेला. मराठी कानाला हे संगीत कळत नाही, ही समजूत म्हणून खोटी आहे. कान तयार होता. समोर आलेलं नाव फक्त वेगळ्या रांगेतलं होतं.

लॉर्ना जॅझच्या या जगात आल्या त्या किशोरवयात. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ मध्ये जन्मलेले क्रिस पेरी हे तेव्हा मुंबईतल्या नावाजलेल्या बँडमास्टरांपैकी एक होते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे, स्वतः चाली बांधणारे, आणि वाद्यवृंदाची मांडणी करण्यात फार कडक. चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातलं ‘व्हेनिस’ हे त्या काळचं जॅझचं ठिकाण. पेरींचा बँड तिथे वाजवी आणि लॉर्ना तिथे गात. या शाळेचं महत्त्व आपण कमी लेखतो. मैफलीत श्रोता गायकाकडे तोंड करून बसलेला असतो. क्लबात तो जेवत असतो, बोलत असतो, नाचत असतो, आणि वादकांच्या पाचसहा पितळी तोंडांतून मागून आवाजाचा लोट येत असतो. त्या गलक्यातून शब्द पोचवायचा, नाचणाऱ्यांचा ताल मोडू द्यायचा नाही, आणि रोज रात्री तेच गाणं नव्याने गायचं. या नोकरीत गळा एक तर बसतो, नाही तर कमावला जातो. लॉर्नांचा आवाज कमावला गेला. छातीतून येणारा, भारदस्त, थोडा घोगरा, वर चढताना पातळ न होणारा. त्या काळी स्त्रीच्या आवाजाची आपल्याकडची कसोटी होती ती बारीक, गोड, उंच पट्टीतल्या आवाजाची. लॉर्नांचा गळा त्या कसोटीला मुळात बसणाराच नव्हता. सुलोचनाबाई चव्हाणांच्या ठसक्यात जो मोकळा, न लाजणारा जोर आहे, त्याच्या जवळपासचं काही इथे सापडतं.

आणि मग ती गाणी आली. १९६० च्या दशकाचा शेवट आणि १९७० च्या दशकाची सुरुवात या काळात पेरींच्या चालींवर लॉर्नांनी कोंकणीत गायलेल्या तबकड्या निघाल्या : ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचूंया कुंपासार’, ‘तुजो मोग’, ‘लिस्बोआ’. कुंपास म्हणजे ताल, बेबदो म्हणजे दारुडा आणि पिसो म्हणजे वेडा. विषय पाहा : दारू, वेड, नाच, प्रेम, दूरचं शहर. यांत देवघर नाही, निसर्गवर्णन नाही. गोव्याच्या तियात्रांत, म्हणजे १८९२ पासून मुंबईतच सुरू झालेल्या त्या ख्रिस्ती कोंकणी रंगभूमीवर, कांतारं, म्हणजे गाणी, गाण्याची जुनी रीत होती. गावातल्या माणसांच्या खोडी, भांडणं, दुःखं तिथे गाण्यातून येत. पेरींनी हा विषयाचा धागा उचलला आणि त्याखाली बिगबँडची मांडणी घातली. लॉर्नांनी त्या दोन्हींना जोडणारा आवाज दिला.

ध्वनिमुद्रण कसं होई ते समजून घेतलं तर या गाण्यांची किंमत जास्त कळते. आजच्यासारखं एकेक वाद्य वेगळं नोंदवून नंतर जुळवणं तेव्हा इथे नव्हतं. बँड आणि गायिका एकाच खोलीत, मोजके मायक्रोफोन, ज्याचा आवाज मोठा तो लांब उभा. ट्रम्पेटवाल्यापुढे, सॅक्सोफोनवाल्यापुढे त्यांच्या त्यांच्या ओळी लिहिलेले कागद. कुणी एक जण चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपलं पाहिजे, कारण पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीच्या एका बाजूवर जागा तेवढीच. या अडचणीत गाणाऱ्या व्यक्तीला मोकळीक राहते ती फक्त ओळीच्या आत. ‘बेबदो’ धावत्या चालीचं गाणं आहे. पितळी वाद्यांचे तुकडे तोडून तोडून येतात, आणि लॉर्ना त्या तुकड्यांच्या मधल्या फटींत शब्द टाकतात. त्यांचं शब्द तोडणं ऐकण्यासारखं आहे. ‘ब’, ‘ड’, ‘ट’ यांसारखी व्यंजनं त्या ड्रमच्या काठीसारखी वाजवतात, आणि कोंकणीतले अनुनासिक शेवट लांबवून त्यांत सूर भरतात. ‘पिसो’ संथ आहे. गावाने वेडा ठरवलेल्या माणसावरचं गाणं. तिथे तोच आवाज मागे रेलतो, शब्दाला उशीर करतो, खालच्या पट्टीत जाताना खरखर येऊ देतो आणि ती लपवत नाही. करुणा दाखवण्यासाठी रडका सूर लावण्याची आपल्या चित्रपटसंगीतातली सवय इथे औषधालाही नाही. सोल म्हणतात ते हेच, आणि ते इंग्रजीचा एक शब्दही न वापरता.

इथे पहिला आक्षेप येतो : हे सगळं अनुकरण आहे. वाद्यं अमेरिकेची, मांडणी अमेरिकेची, गाण्याची ढब तिथल्या गायिकांची. वर फक्त कोंकणी शब्द चिकटवले. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. लॉर्ना आणि त्यांच्या पिढीच्या सगळ्याच क्लबगायिका इंग्रजी तबकड्या ऐकून शिकल्या; कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर पॅम क्रेन गात, त्याही याच वाटेने आलेल्या. पण शिकण्याची सुरुवात अनुकरणाने होणं आणि कला अनुकरणाची असणं यांत अंतर आहे. हे अंतर मोजायला एक चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. आशा पुतली लॉर्नांहून एखाद्या वर्षानेच मोठ्या, मुंबईच्याच. शास्त्रीय संगीत आणि ऑपेरा दोन्ही शिकलेल्या. जॅझ रेडिओवर ऐकून आपलासा केलेला. १९६० च्या दशकात त्या मुंबईच्या ‘द सॅव्हेजेस’ या गटाबरोबर गायल्या. वेद मेहतांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ (१९७०) या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. बिली हॉलिडेपासून कितीतरी कलाकारांना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड यांच्या कानी त्यांचा आवाज पडला आणि ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीत त्या दोन गाणी गायल्या. कोलमन म्हणजे जॅझच्या बांधीव चौकटी मोडणारा माणूस. त्याच्या वाकड्यातिकड्या सुरावटींवर गळा टिकवणं हे कुणाही गायिकेचं काम नव्हे. पुतलींनी ते केलं, आणि रागसंगीताची तालीम तिथे उपयोगी पडली. नंतर त्या सोल आणि डिस्कोकडे वळल्या. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’ मधलं त्यांचं ‘स्पेस टॉक’ दोन दशकांनी नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात पुन्हा वाजलं.

पुतलींबद्दल मला नितांत आदर आहे. जागतिक कीर्तीच्या मापाने पाहिलं तर त्या लॉर्नांच्या कितीतरी पुढे गेल्या. तरी दोघींना शेजारी ठेवलं की एक गोष्ट दिसते. पुतलींनी जॅझच्या घरी जाऊन तिथे आपली जागा मिळवली; त्या घराची भाषा इंग्रजी होती आणि ती त्यांनी स्वीकारली. लॉर्नांनी तेच घर उचलून धोबीतलावच्या गल्ल्यांत, गावागावच्या गोवेकरांच्या कुडांत (सामायिक वसतिगृहांत), मडगावच्या लग्नमंडपांत आणून ठेवलं. ज्या श्रोत्याने ताजमहाल हॉटेलची पायरी कधी चढली नाही, जहाजावर स्वयंपाकी म्हणून नोकरी करणाऱ्या तारवट्याच्या घरी रेडिओशेजारी बसून ज्याने ही तबकडी ऐकली, त्याला हे संगीत उच्चभ्रूंचं वाटलं नाही. ते त्याच्या बोलीत त्याच्या शेजाऱ्यावर, त्याच्या गावातल्या दारुड्यावर बोलत होतं. अनुकरण एवढ्या खोल जात नाही. अमेरिकेतही ब्लूज हे गरिबाच्या बोलीतलंच गाणं होतं; त्या अर्थाने लॉर्ना मुळाशी जास्त प्रामाणिक राहिल्या.

दुसरा आक्षेप जॅझच्या जाणकारांचा. जॅझ म्हणजे उत्स्फूर्त विस्तार. ही तर तीन मिनिटांची बांधलेली, लिहिलेली गाणी. यांत विस्तार कुठे आहे? वादनाच्या बाबतीत हा मुद्दा बराचसा खरा आहे. गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस यांच्या सॅक्सोफोनवर जो शोध ऐकू येतो, रागांकडे जाणारा, तो पेरींच्या कोंकणी गाण्यांत नाही. पण गायनाला हाच गज लावला तर बिली हॉलिडे बाद होतील. त्यांनीही तीन मिनिटांच्या तबकड्यांत लोकप्रिय गाणीच गायली, निरर्थक अक्षरांचे लांबलचक तानपलटे क्वचितच घेतले; चाल थोडी सपाट करून, शब्द मागे सारून, एका सुराला वाकवून त्यांनी गाणं बदललं. सगळं जग त्यांना जॅझ गायनाचं शिखर मानतं. विस्तार ओळींच्या संख्येत मोजायचा नसतो. तीन मिनिटांच्या नाट्यपदात बालगंधर्वांनी काय केलं ते ज्याने ऐकलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. चाली पेरींच्या, मांडणी पेरींची, बँड पेरींचा. मग मोठेपण लॉर्नांचं कसं? पेरी मोठे होते यात शंका नाही. कोंकणी सुगम संगीतात त्यांच्याइतकी मोठी छाप क्वचितच कुणाची असेल. ते २००२ मध्ये गेले. पण या आक्षेपाला उत्तर इतिहासानेच देऊन ठेवलं आहे. १९७० च्या दशकात दोघांची साथ तुटली. पेरी दुबईला गेले, तिथे त्यांनी संगीतशाळा काढली. लॉर्ना गायच्या थांबल्या, आणि त्या सुमारे दोन दशकं गायल्या नाहीत. ज्या वयात गायिकेचा आवाज पक्व होतो ती सगळी वर्षं रिकामी गेली. एवढा काळ गप्प राहिलेल्या गायिकेला लोक विसरतात. इथे तसं झालं नाही. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या वेगळ्याच संगीतकाराच्या चालींवर ‘हॅलो लॉर्ना’ आलं आणि गोव्याने त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं. आवाज आणखी जाड झाला होता, वरचे सूर पूर्वीइतके सहज येत नव्हते, पण शब्दाला उशीर करण्याची ती हातोटी जशीच्या तशी होती. चाली दुसऱ्याच्या असताना गाणं ओळखू येतं ते लॉर्नांचंच. हा पुरावा पुरेसा आहे.

लॉर्नांच्या या मौनावर आणि त्यामागच्या पेरी-लॉर्ना नात्यावर खूप बोललं गेलं आहे. बार्डरॉय बार्रेतो यांचा ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट याच काळाची, याच संगीताची आठवण जागवतो. बासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला आणि नायिकेचं काम करणाऱ्या पालोमी घोष यांचा विशेष उल्लेख झाला. चित्रपट चांगला आहे, या गाण्यांना त्याने नवे श्रोते मिळवून दिले. त्याचा एक परिणाम मात्र मला खटकतो : लॉर्ना म्हटलं की लोक आता प्रेमभंगाची गोष्ट सांगतात. गायकांच्या बाबतीत आपण मनाचे दुबळे पुरुष आणि सोसणाऱ्या बायका शोधत बसतो, आणि गळ्याची चर्चा राहून जाते. भीमसेन जोशींबद्दल बोलताना आपण आधी तानेबद्दल बोलतो. लॉर्नांबद्दलही आधी त्यांच्या लयीबद्दल बोललं पाहिजे.

मग मराठी समाजापर्यंत हा आवाज का पोचला नाही? एक कारण उघड आहे, आणि ते संगीताचं नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, हा प्रश्न होता; गोव्याने नाही म्हटलं. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्याआधीही होता आणि नंतर पेटतच गेला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. लॉर्नांची गाणी नेमकी या वादाच्या ऐन भरातली. मराठीच्या बाजूने लढणाऱ्याला कोंकणी गाण्याचं कौतुक करणं जड गेलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. दुसरं कारण अधिक बारीक. राजभाषा कायद्याने मान्यता दिली ती देवनागरी कोंकणीला. तियात्राची, ख्रिस्ती गीतकारांची कोंकणी रोमन लिपीतली. म्हणजे मराठीने जिला आपली म्हटलं नाही, ती भाषा आपल्या घरातही धाकट्या पातीची ठरली. लॉर्नांचं गाणं अशा दोन उंबरठ्यांच्या मधे राहिलं. आज त्या वादाची धग ओसरली आहे. ‘मोग’ आणि ‘पिसो’ समजायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. पिसाट आणि पिसं हे शब्द आपल्याही तोंडात आहेत. इंग्रजीतलं सोल गाणं समजून घ्यायला आपण जेवढे कष्ट घेतो त्याच्या निम्मेही इथे घ्यावे लागत नाहीत.

एक विरोध अजून उरतो : नाशिकसारख्या गावाला, जिथे शास्त्रीय संगीताची, नाट्यसंगीताची चांगली परंपरा आहे, तिथे या संगीताचं काय काम? पण हे गाव आता बदललं आहे. २००८ पासून गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीत सुलाफेस्ट सुरू झाला आणि परदेशी बँड इथे येऊन वाजवू लागले. जॅझची, सोलची, फंकची नावं नाशिकच्या विशीतल्या मुलामुलींना माहीत आहेत. ती परदेशातली नावं आहेत. मुंबई-नाशिक रेल्वेने तीन-चार तासांच्या अंतरावर, आपल्या शेजारच्या भाषेत, आपल्याला जवळपास पूर्ण कळणाऱ्या शब्दांत हेच संगीत पन्नास वर्षांपूर्वी गायलं गेलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय, कुसुमाग्रज प्रतिष्ठान यांच्यासारख्या संस्थांनी नाट्यगीतांच्या किंवा भावगीतांच्या श्रवणसत्रांसारखंच एक सत्र लॉर्नांसाठी ठेवावं. सी. रामचंद्रांचं एखादं गाणं, त्यानंतर चिक चॉकलेट, मग आशाबाईंचं ‘कारवां’ मधलं गाणं, मग लॉर्ना, अशा क्रमाने लावलं तर एका संध्याकाळी सगळा धागा कानाला सापडेल. ज्यांना घरी ऐकायचं आहे त्यांना ही गाणी इंटरनेटवर सहज मिळतात. एकच विनंती : ‘बेबदो’ मागाहून ऐका, आधी ‘पिसो’ लावा, आणि शब्द मात्रेच्या किती मागे येतो तिकडे लक्ष द्या.